जागतिक भाषा, विश्वभाषा की ज्ञानभाषा?

निपाणीच्या एका वाचकांनी विचारलंय : मुलीला शाळेत इंग्रजीवर निबंध लिहायचाय. इंग्रजीला 'जागतिक भाषा' म्हणायचं, 'विश्वभाषा' की 'ज्ञानभाषा'? आणि 'इंग्रजी' लिहावं की 'इंग्लिश'?

'जागतिक' घ्या. जागतिक बँक, जागतिक महायुद्ध, जागतिक मंदी या जोड्यांत हा शब्द फक्त पसारा सांगतो, थोरवी सांगत नाही. 'विश्व'चा संस्कृतातला मूळ अर्थ 'सगळं'. इंग्रजी सगळ्यांची नाही. जगातल्या 800 कोटींहून अधिक लोकांपैकी कामापुरती तरी इंग्रजी येणारे साधारण 150 कोटी धरतात, आणि मातृभाषा म्हणून बोलणारे 40 कोटींच्या आत. म्हणजे बहुतेकांनी ती शिकून घेतली आहे. का शिकली, हे निबंधात यायलाच हवं.

इंग्रजी सोपी म्हणून पसरली असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. जिच्या स्पेलिंगचा आणि उच्चाराचा मेळ बसत नाही, ती सोपी कशी? आधी इंग्रजांचं आरमार आणि व्यापार, मग गिरण्या आणि यंत्रं, मग वसाहतींमधल्या नोकऱ्या. आपल्याकडे 1835 मध्ये मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याच्या शिक्षणाविषयीच्या टिपणानंतर सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनचा जोर ओसरला, तर पुढं आली अमेरिका, तीही इंग्रजीच बोलणारी. विमानवाहतूक, संशोधन, संगणक, सगळं त्याच भाषेत वाढलं. पाठोपाठच्या दोन महासत्तांची भाषा एकच, हा योग फ्रेंचच्या वाट्याला आला नाही.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. मोल्सवर्थचा मराठी कोश 1831 चा, किटेलचा कन्नड कोश 1894 चा. दोन्ही थोर, आणि दोन्हींत अर्थ दिलाय इंग्रजीत. या कोशांवरून मराठी शब्दाचा कन्नड प्रतिशब्द शोधायचा तर वाट इंग्रजीतूनच जाते. शेजारी शेजारी नांदणाऱ्या दोन भाषांच्या मध्ये तिसरी अशी उभी राहिली. 1956 मध्ये बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून पालकांपुढचा पेच ठरलेला : पोराला मराठीत घातलं तर इथल्या सरकारी नोकरीचं काय, कन्नडमध्ये घातलं तर घरच्या भाषेचं काय? मग 'इंग्लिश मीडियमला घातलं' की कुणाची बाजू घेतल्यासारखं होत नाही. पुण्यात इंग्रजी शाळा निवडतात ती पुढच्या नोकरीसाठी. आपल्याकडे तेही आहेच, पण सुटका म्हणूनही ती निवडली जाते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी घटनेत 350 क हे कलम घातलं गेलं, तेही 1956 मध्येच. त्या कलमाच्या आधारावर चालणाऱ्या मराठी शाळांचे पट इंग्रजीमुळे घटताना बघून मला फार वाईट वाटतं.

बाजारात आणि कारखान्यात मात्र चित्र वेगळं आहे. बेळगावात उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत कान देऊन ऐका. 'कास्टिंग रिजेक्ट केलंय,' मराठी कामगार सांगतो. 'कास्टिंग रिजेक्ट माड्यार,' कन्नड कामगार सांगतो. नाम इंग्रजी, पण क्रियापद ज्याचं त्याचं, आणि वाक्य चालतं ते क्रियापदावर. मराठीला इंग्रजी शब्दाचं लिंगही ठरवावं लागतं : ती बस, तो रेडिओ, ते टेबल. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसक, तिथं हा प्रश्नच नाही. तिथं शब्दाला 'उ' लागतो : बस्सु, कारु, रोडु. 'जमीन' हा फारसी शब्दही कन्नडात 'जमीनु' होऊनच गेला. आलेल्या शब्दाला आपल्या घरची रीत लावायची, हे दोन्ही भाषांना पूर्वीपासून जमतं. त्यामुळे शब्द आले म्हणून भाषा बुडेल ही भीती मला नाही. पोरं ज्या भाषेत गणित आणि विज्ञान शिकतच नाहीत, त्या भाषेत त्या विषयांची वाक्यं बनायची थांबतात. भीती त्याची आहे.

म्हणूनच 'ज्ञानभाषा' हा शब्द एकट्या इंग्रजीला देऊ नका. भाषा उपजत ज्ञानभाषा नसते. तिच्यात शिकवून, लिहून ती तशी होते. जपानी, जर्मन, कोरियन लोक आपापल्या भाषेत अभियांत्रिकी शिकतात. मुलीने 'जागतिक संपर्कभाषा' लिहिलं तर अर्थ नेमका बसेल.

राहिलं 'इंग्रजी' की 'इंग्लिश'. 'इंग्रज' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. तो पूर्ण मराठी झालाय, लेखनात तोच बरा. 'इंग्लिश' बोलण्यात चालतं, विशेषतः शाळेतल्या विषयाचं नाव म्हणून. एका निबंधात मात्र दोन्हींची सरमिसळ करू नये.