नवं गटार पहिल्याच पावसाळ्यात फुटलं. नगरपालिका ठेके देते कशी, आणि तक्रारीचा काही उपयोग होतो का?

तुमचं गाऱ्हाणं थोडक्यात असं: गल्लीतलं नवं काँक्रीटचं गटार पहिल्या पावसात चिरलं. नगरसेवक म्हणतात ठेकेदाराला धरा, ठेकेदार म्हणतो पालिकेत जा, आणि पालिकेत म्हणतात साहेब मीटिंगला गेलेत.

मी एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेतून लिपिक म्हणून निवृत्त झालो. शेवटची अकरा वर्षं बांधकाम विभागाच्या टेबलावर होतो. निविदांच्या फायली, मोजमाप पुस्तिका (झालेलं काम मोजून लिहायची वही, तिच्यावरून बिल निघतं) आणि लोकांचे अर्ज, सगळं माझ्या हातून जायचं. गावाचं नाव सांगत नाही, लेक तिथेच दिलीय.

लोक सगळा जीव ठेका कोणाला मिळाला यावर काढतात. माझं म्हणणं, तिथे तुमच्या हाती फारसं काही लागत नाही. ठेकेदाराचं बिल कधी निघतं आणि पालिकेकडे ठेवलेली त्याची अनामत कधी सुटते, त्यावर नजर ठेवा.

ठेका निघतो कसा ते आधी सांगतो. कनिष्ठ अभियंता, म्हणजे आपला जेई, अंदाजपत्रक करतो. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतले. त्याला तांत्रिक मान्यता मिळाली की विषय सर्वसाधारण सभेपुढे जातो. सभा साधारण दोन महिन्यांनी भरते आणि विषयपत्रिका नगरसेवकांना आधी पोचवलेली असते. पण पत्रिकेच्या शेवटी एक ओळ ठरलेली: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’. सूचक हे, अनुमोदक ते, सर्वानुमते मंजूर. चहाचे कप गोळा होईपर्यंत बारा-बारा विषय मंजूर झालेले मी पाहिलेत. कुठल्या गल्लीचं काम घ्यायचं आणि किती रुपयांचं, हे तिथेच ठरून जातं. निविदा त्याच्या नंतरची गोष्ट.

निविदा आता महाटेंडर्स या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन निघते. पहिल्या लिफाफ्यात कागदपत्रं, दुसऱ्यात दर. पहिल्या वेळी तीन तरी निविदा याव्या लागतात, नाहीतर फेरनिविदा. म्हणून घेणारा एक आणि ‘सपोर्टला’ दोन, अशी जुळवाजुळव चालते. कागदी निविदांच्या काळात तर निविदेसोबत भरायच्या बयाण्याचे तिन्ही डीडी एकाच बँकेच्या एकाच शाखेतले आणि क्रमांक ओळीने, असंही मी बघितलंय. कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

कधी खरी चुरस लागते. मग ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के ‘बिलो’ जातो. कागदावर पालिकेचे पैसे वाचतात. पण सिमेंट काही त्याला पंचवीस टक्के स्वस्त मिळत नाही, त्यामुळे ती तूट तुमच्या गटाराच्या जाडीतून भरून निघते. नगरसेवकाला स्वतः पालिकेच्या ठेक्यात हिस्सा ठेवता येत नाही, पद जातं. म्हणून कुठे कुठे ठेकेदार मेहुणा असतो.

आता बिलाकडे येतो. एकदा एक निवृत्त मास्तर कापडी पिशवीतून काँक्रीटचा तुकडा घेऊन ऑफिसात आले. माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी तो बोटांनी चुरला तर नुसती वाळू निघाली. साहेब म्हणाले, “राहू द्या गुरुजी, बघतो आम्ही.” तो तुकडा महिनाभर माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून होता.

पुढच्या खेपेला मास्तर रिकाम्या हाताने आले, फक्त एक पानाचा अर्ज होता. मधल्या काळात त्यांनी माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिकेची नक्कल काढली होती आणि सूनबाईला टेपचं दुसरं टोक धरायला लावून सगळं गटार मोजलं होतं. पुस्तिकेत लांबी १८६ मीटर, टेपवर १७१. एवढंच लिहिलं होतं. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द नव्हता, कोणाचं नाव नव्हतं. आवक क्रमांक टाकून पोच घेतल्याशिवाय मात्र ते उठले नाहीत.

अंतिम बिल तेव्हा अजून निघायचं होतं. फाईल लेखापालांकडे गेली ती या अर्जासकट, आणि लेखापालांनी सही केली नाही. मला म्हणाले, “उद्या स्थानिक निधीचे ऑडिटर आले आणि हा आवक नंबर त्यांनी बघितला, तर वसुली माझ्या नावावर लागेल.” चार दिवसांत फेरमोजणी झाली. पंधरा मीटरचे पैसे बिलातून कापले गेले. तुकड्याने जे झालं नाही ते टेपने झालं, कारण काँक्रीटच्या दर्जावर वाद घालता येतो आणि लांबीवर येत नाही.

तुम्ही काय करायचं? माहिती अधिकाराचा अर्ज द्या. फी १० रुपये, नकलेला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे दहा वर्षांची सगळी कामं मागू नका. त्या एका गटाराचं अंदाजपत्रक, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा पालिकेचा लेखी आदेश), मोजमाप पुस्तिकेची पानं आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचणीचा अहवाल मागा. ठोकळ्याची ताकद २८ दिवसांनी तपासतात. काम संपल्यावर आठवड्यातच अहवाल आणि बिल दोन्ही तयार असतील, तर तारखा जुळवून बघा. कामाची प्रत्यक्ष पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही माहिती अधिकारात बसतं, पण हे फार कोणी मागत नाही.

कार्यादेशात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तेवढ्या काळात काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, आणि तोवर त्याची सुरक्षा अनामत पालिकेकडे अडकलेली असते. तुमचं गटार पहिल्याच पावसात फुटलंय, म्हणजे मुदत बहुधा अजून चालू असेल. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने करा, फोटो जोडा, ‘दुरुस्तीशिवाय अनामत परत करू नये’ हे वाक्य लिहा आणि पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो फाईलला लागत नाही. मुदत संपेपर्यंत फाईलमध्ये तक्रार नसेल, तर ‘तक्रार नाही’ असा शेरा मारून अनामत सोडतात. तो शेरा मी स्वतः किती वेळा लिहिला असेन, मोजदाद नाही.

नगरसेवकांवर एकदम डाफरू नका. तीन-चार वर्षं बहुतेक पालिकांवर प्रशासक होते. निवडणुका झाल्या त्या डिसेंबर २०२५ मध्ये. तुमचं काम प्रशासकाच्या काळात मंजूर झालं असेल, तर नव्या नगरसेवकाला त्याचं खरंच काही ठाऊक नसेल. त्याला अर्जाची एक प्रत द्या आणि पुढच्या सभेत प्रश्न विचारायला सांगा. तुम्हीही सभेला जाऊन बसा. बोलता येत नाही, पण आपली माणसं मागे बसलीत म्हटल्यावर समोरची माणसं जरा सावरून बोलतात. तेवढ्यानेही भागलं नाही, तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे आवक क्रमांकासकट गेलात तर कोणीतरी विचारतं.

कचऱ्याच्या ठेक्याचंही तुम्ही जाता जाता विचारलंय. तिथे मोजमाप पुस्तिकेच्या जागी वजनकाट्याच्या पावत्या बघा. पैसे टनावर असतील तर पावसाळ्यात वजन का वाढतं ते वेगळं सांगायला नको. घंटागाडीवरच्या पोरांचा पगार थकला असेल तर त्यांना सांगा की ठेकेदाराने बुडवला तर मूळ मालक म्हणून पालिकेला तो द्यावा लागतो, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात तसं होतं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेतही तसंच आहे.

मास्तरांच्या गटाराचं पुढे असं झालं की अनामत सुटायच्या आधी ठेकेदार स्वतःच दोन गवंडी घेऊन आला आणि चिरलेला भाग तोडून नीट करून दिला. गटारावरचे ढापे मात्र बसले नाहीत, कारण अंदाजपत्रकातच धरले नव्हते. त्यासाठी पुढच्या सभेत वेगळा विषय आला. ऐनवेळचा.