हद्द राखणारे मासे प्रवाळाला वाचवतात की पोखरायला मदत करतात?

प्रश्न सांगलीच्या अकरावीतल्या मुलीचा आहे: डॅमसेलफिश आपल्या हद्दीतून पोपटमाशांना हाकलतो, मग तिथलं प्रवाळ कमी झिजत असेल ना?

वरवरची झीज कमी होते, हे खरं. पण आतून पोखरणं बहुधा वाढतं.

डॅमसेलफिश हा तळहाताएवढा मासा. द्राक्षबागेच्या राखणदारासारखा तो आपलं शेवाळ राखतो. काही जाती तर जिवंत प्रवाळाचे लचके तोडून तिथे शेवाळाला जागा करतात. समुद्री साळिंदर (सी अर्चिन हा गोल काटेरी प्राणी) हद्दीत शिरलं, तर त्याचा काटा तोंडात धरून हा त्याला बाहेर नेऊन टाकतो! पोपटमासे शेवाळ प्रवाळाच्या दगडासकट खरवडून खातात. सर्वांत मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला काही टन चुना दळतो. ही खरवड हद्दीत जवळपास थांबते.

मात्र खरवडणारे मासे त्याच वेळी प्रवाळात नव्याने शिरलेले बारीक पोखरणारे जीवही खाऊन टाकत असतात. हे मासे आलेच नाहीत, की पोखरणारे कृमी, शिंपले आणि स्पंजसारखे प्राणी शेवाळाच्या आडोशाला निवांत वाढतात. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभित्तीवर १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अभ्यासात हद्दीतल्या प्रवाळाचे सांगाडे बाहेरच्यापेक्षा जास्त पोखरलेले आढळले. सगळीकडे असंच घडतं असं नाही. जागा आणि माशाची जात बदलली की चित्र बदलतं.

असं पोखरलेलं प्रवाळ वरून धड दिसतं, पण वादळी लाटेत बुडाशीच मोडतं. मालवणला स्नॉर्केलिंग करताना तुटलेला, मेलेला तुकडा दिसला तर त्याची भोकं नक्की बघ.