नव्या फोनांबद्दल मराठीत लिहायचंय? जरूर लिहा

मराठीत फोनची परीक्षणं लिहायची ठरवलीत, फार बरं वाटलं. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

सगळ्यात महत्त्वाचं: फोन हातात न घेता मत देऊ नका. कंपनीच्या पत्रकातले आकडे मराठीत उतरवले की परीक्षण झालं असं नवख्यांना वाटतं, आणि गाडी तिथेच घसरते. निदान आठवडाभर तोच फोन वापरा. भर उन्हात पडदा वाचता येतो का? लोकलच्या गर्दीत समोरच्याला आपला आवाज नीट जातो का? आणि हे तर आवर्जून करा: 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' टाइप करून बघा. सहज उमटतं, की 'वार्यावर' होऊन बसतं? बोलून टाइप करताना मराठी कितपत कळते? इंग्रजी परीक्षणात हे सापडत नाही. आपल्या वाचकाला नेमकं तेच हवं असतं.

दुसरं, युनिकोडमध्येच (कुठल्याही फोनवर वा संगणकावर अक्षरं नीट दिसावीत यासाठीची प्रमाण पद्धत) लिहा आणि मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा. लोक जिथे आपलं लिखाण टाकत, त्यांपैकी जिओसिटीज हे संकेतस्थळ २००९ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. प्रत नसलेल्यांची पंचाईत झाली.

तिसरं, फोन फुकट मिळाला असेल तर पहिल्याच परिच्छेदात सांगा. अशी गोष्ट ठळकपणे सांगावी, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३ च्या सूचनाही सांगतात.

एसईओ (गूगलच्या शोधात लेख वर यावा म्हणून केलेली खटपट), जाहिरातींचे पैसे, महागडा माइक, हे सगळं तूर्तास राहू द्या.

पहिला लेख खिशातल्या फोनवरच लिहा. दोन वर्षं वापरून झालेल्या फोनची बॅटरी आता किती टिकते, हे सांगणारे फार थोडे आहेत.