वाचकांचे प्रश्न: गवतातले स्कॅलप आणि पहाटेचा ट्राउट

मागच्या अंकात फ्लोरिडाच्या बिग बेंड किनाऱ्यावरच्या स्कॅलप सीझनबद्दल (स्कॅलप म्हणजे तिसऱ्यांसारखाच शिंपल्यातला खायचा जीव, तो काढायला परवानगी असते ते दिवस म्हणजे सीझन) मी चारच ओळी लिहिल्या होत्या, तर एवढे प्रश्न आले की यावेळी अख्खं पान त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई, आम्ही जॅक्सनव्हिलला असतो. पुण्याहून आईबाबा आलेत, बाबा ७१ वर्षांचे. जुलैत सगळ्यांना क्रिस्टल रिव्हरला स्कॅलपिंगला न्यायचंय. ज्येष्ठांना लायसन्स माफ असतं असं ऐकलं, खरं का?

माफ असतं पण ते फ्लोरिडाच्या रहिवाशांना, ६५ च्या पुढे. बाबा पाहुणे आहेत म्हणून त्यांना खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचं लायसन्स लागणार, तीन दिवसांचं १७ डॉलरला मिळतं. १६ वर्षांखालच्या मुलांना नको. कॅप्टनसकट चार्टर बोट घेतलीत तर त्याच्या लायसन्समध्ये सगळे येतात, आणि आईबाबा बरोबर असतील तर मी तेच सुचवेन कारण त्याला वाटा माहीत असतात आणि दुपारी ढग भरून विजा सुरू व्हायच्या आत तो तुम्हाला परत आणतो. उन्हाळ्यात इथे हे जवळपास रोजचं आहे, म्हणून सकाळीच निघा.

तारखा जागेप्रमाणे वेगळ्या. स्टीनहॅची, कीटन बीचला १५ जून ते लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार), क्रिस्टल रिव्हर आणि होमोसासाला १ जुलै ते २४ सप्टेंबर, सेंट जोसेफ बेला तर १६ ऑगस्टला सुरू होतं. राज्याचं मत्स्य आणि वन्यजीव खातं यात बदल करू शकतं म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर बघाच. आणि एका भागात काढलेले स्कॅलप बोटीतून बंद असलेल्या भागात न्यायचे नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

प्रश्न: मी वेंगुर्ल्याची, लहानपणापासून तिसऱ्या काढलेल्या, तरी होमोसासाला तीन तास पाण्यात राहून मला सहाच स्कॅलप मिळाले. बाजूच्या बोटीतल्या मुलांच्या पिशव्या भरल्या. माझं काय चुकलं?

अगं, मीही देवगडची, माझंही पहिल्या वर्षी अगदी हेच झालं! आपल्या पायांना सवय असते खाडीत चिखल चाचपायची, तिसरी आत रुतलेली असते, ती पायाला लागते. स्कॅलप रुतून बसत नाही. तो समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या गवताच्या पात्यांमध्ये, कधी पात्यांवरच, नाहीतर गवत संपून वाळू सुरू होते त्या कडेला नुसता टेकलेला असतो. म्हणून इथे पाय नाही, डोळे लागतात. मास्क, स्नॉर्केल, फिन्स घालून पालथं तरंगायचं, हळूहळू, पाणी न ढवळता, आणि शिंपला शोधायचा नाही, डोळे शोधायचे. शिंपल्याच्या कडेला निळ्या बारीक मण्यांसारखे डोळे ओळीने असतात, ऊन पडलं की चमकतात. एकदा ते दिसले की नजर बसते, मग एकामागून एक दिसायला लागतात. सावली पडली की तो शिंपले फटाफट मिटत उघडत पळतोसुद्धा, पण सरळ रेषेत नाही पळत, म्हणून मागून हात घाल.

दुसरं म्हणजे पाणी. चार ते सहा फूट पाणी, ओहोटी संपत आलेली आणि प्रवाह थांबलेला, ही वेळ सगळ्यात सोपी. आपल्याकडे उधाण आणि भांग बघतात तसंच इथेही बघ, अमावास्या-पौर्णिमेला पाणी जोरात ओढतं आणि गवत आडवं होतं, त्याखालचं काही दिसत नाही. अष्टमीच्या आसपास बरं पडतं. एका जागी दहा मिनिटांत काही नाही दिसलं तर बोट हलवायची, तिथेच जीव नाही काढायचा.

बोटीवर लाल-पांढरा डायव्हिंगचा झेंडा हवाच, आणि उघड्या पाण्यात त्याच्यापासून ३०० फुटांच्या आतच राहायचं. सगळे वर आले की झेंडा उतरवायचाही. तळाला पाय टेकलास तर पाय घासत चाल, वाळूत स्टिंगरे, म्हणजे काटेरी शेपटीची पाकटं, बसलेले असतात.

प्रश्न: आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणतात की कोणी मोजत नाही, भरा बादल्या. खरंच एवढं कडक असतं का?

मोजतात, अधिकारी बोटीवर येऊन मोजतात. माणशी शिंपल्यासकट दोन गॅलन (एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास), किंवा काढलेलं मांस एक पाइंट (जेमतेम अर्धा लिटर), आणि बोटीवर कितीही माणसं असली तरी दहा गॅलनच्या वर नाही. स्टीनहॅचीच्या बाजूला जूनमध्ये याच्या निम्मंच. पण काकांना दंडापेक्षा हे सांगा की या जिवाचं आयुष्य साधारण एकच वर्ष असतं. पाणी गार व्हायला लागलं की शरद ऋतूत तो अंडी सोडतो आणि पुढच्या उन्हाळ्याचे स्कॅलप त्यातूनच येतात. यावर्षी जे उरले तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. फ्लोरिडात धंद्यासाठी स्कॅलप काढणं १९९४ पासून बंद आहे ते उगाच नाही.

आणि गवत! ते जपा हो. काही वर्षांपूर्वी आमची भाड्याची बोट ओहोटीत गवतावर टेकली, आम्ही घाबरून इंजिन जोरात चालवलं आणि मागे एक लांबलचक उघडा चर पडला. पुढच्या वर्षी गेलो तर तो तसाच होता, त्यापुढच्या वर्षीही दिसला. या गवताची, टर्टल ग्रासची, मुळं तुटली की तो चर भरायला वर्षानुवर्षं जातात, मला अजून त्याचं वाईट वाटतं. बोट टेकली तर इंजिन बंद करा, वर उचला, खाली उतरून ढकला, नाहीतर भरतीची वाट बघा.

प्रश्न: स्कॅलपबरोबर मासेही धरता येतील का एकाच दिवशी? गळ टाकायची आवड आहे, पण इथलं काही माहीत नाही.

येतील, फक्त क्रम उलटा ठेवा. पहाटे उजाडताना मासे, ऊन वर आलं की स्कॅलप, कारण स्कॅलपला ऊन लागतं आणि ट्राउटला ते नको असतं. ट्राउट म्हणजे इथला ठिपक्यांचा सीट्राउट, गवतात कोलंबी आणि पिनफिश नावाचे छोटे मासे खायला येतो. इंजिन बंद करून बोट वाऱ्यावर वाहू द्यायची, पॉपिंग कॉर्कखाली (झटका दिला की पाण्यावर आवाज करणारं तरंगतं बूच) दोनेक फुटांवर जिवंत कोलंबी लावायची, मधूनमधून झटका देऊन कॉर्क वाजवायचा. गवतात जिथे वाळूचा मोकळा गोल दिसतो त्याच्या कडेवर टाका, मासा तिथे दबा धरून असतो. पोलराइज्ड चष्मा असेल तर हे गोल लांबूनच दिसतात.

१५ ते १९ इंचातला ट्राउट ठेवता येतो, त्याहून मोठा बोटीमागे एकच, लहान असेल तर ओल्या हाताने धरून सोडा, कोरड्या हाताने त्याची चिकट साय निघते. ठेवलेला लगेच बर्फात घाला, मांस फार मऊ असतं.

प्रश्न: साफ कसे करायचे आणि आपल्या पद्धतीने काय करता येईल?

बर्फावर ठेवले की शिंपले थोडे उघडतात, पण बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, गोड्या पाण्याने मरतात. गडद बाजू वर धरून चमच्याने वरचा शिंपला सोडवायचा, आतली काळी घाण खरवडून काढायची, मधला मांसाचा पांढरा गोल तुकडा तेवढा ठेवायचा. रस्सा करू नका, शिजून रबर होतं. हळद, मीठ, तिखट, थोडं आगळ, रव्यात घोळवून कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट, बस. रिकामे शिंपले मात्र नदीत किंवा झऱ्यात टाकू नका, धारेने पोहणाऱ्यांचे पाय कापतात आणि तिथे मॅनटी, म्हणजे गवत खाणारे मोठे पाणप्राणी, तेही येतात. पिशवीत भरून घरच्या कचऱ्यात.