सॉफ्टवेअरमध्ये ३ वर्षं झाली. नोकरी सोडून एमबीए करू की अनुभवच वाढवू?

तांत्रिक कामातच पुढे जायचं असेल तर आत्ता नोकरी सोडू नका, आणखी दोन-तीन वर्षं काम करा. मी आमच्या टीमसाठी उमेदवारांच्या मुलाखती घेतो. तिथे पदवीवर फार वेळ जात नाही. रात्री सर्व्हर बंद पडला तेव्हा तुम्ही काय केलंत, एखादी सिस्टीम जुन्या डेटाबेसवरून नव्यावर कशी नेली, हे मी खोदून खोदून विचारतो, आणि ते वर्गात बसून सांगता येत नाही. पुढे मायक्रोसॉफ्टचे सीईओ झालेले सत्या नडेला १९९२ मध्ये त्या कंपनीत गेले आणि नोकरी चालू ठेवून १९९७ मध्ये शिकागोतून एमबीए झाले. मला हा क्रम फार पटतो. शिवाय अहमदाबाद, बंगळूर, कोलकाता इथल्या आयआयएममध्ये दोन वर्षांची फी २० लाखांच्या पुढे जाते, वर तेवढ्या काळाचा पगारही बुडतो.

मात्र कोडिंग सोडून कन्सल्टिंग किंवा प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये जायचं नक्की असेल, तर चांगल्या संस्थेच्या कॅम्पस प्लेसमेंटचा खरंच उपयोग होतो. कुठल्याही साध्या कॉलेजातून नुसती पदवी घेण्यासाठी मात्र कर्ज काढू नका, ही कळकळीची विनंती.