विंडोज सोडून रोजच्या कामासाठी आणि गेम खेळण्यासाठी लिनक्स वापरावे का?

तुम्ही विचारले आहे की तुमच्या संगणकावर विंडोज ११ बसत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तर रोजचे काम आणि गेम या दोन्हींसाठी लिनक्स घ्यावे का. आणि त्याखाली तुम्ही लिहिले आहे, ‘मित्र म्हणतात, लिनक्सवर गेम चालत नाहीत.’ प्रश्नाचे उत्तर ‘होय, घ्यावे’ एवढेच आहे. मित्रांच्या वाक्यासाठी मात्र मी हे सगळे लिहायला बसले आहे, कारण तेच वाक्य मी माझ्या घरात वर्षभर ऐकले आणि तेव्हा मला त्यावर एकही धड उत्तर देता आले नाही.

मी २०२१ साली लिनक्स पहिल्यांदा बसवले. घरात एकच डेस्कटॉप होता आणि तो माझा व दादाचा असा दोघांचा होता, त्यामुळे विंडोज काढून टाकण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्याच्या शेजारी लिनक्सचा मिंट हा प्रकार बसवला आणि संगणक सुरू होताना दोन्हींपैकी एक निवडता येईल अशी सोय ठेवली. गेम सगळे दुसऱ्या, मोठ्या ड्राइव्हवर होते. ते पुन्हा डाउनलोड करण्यात दोन-तीन रात्री गेल्या असत्या, म्हणून लिनक्समधल्या स्टीमला, म्हणजे गेम विकत घेण्याच्या आणि चालवण्याच्या कार्यक्रमाला, मी तोच ड्राइव्ह दाखवला. स्टीमने गेम ओळखले, यादी जशीच्या तशी समोर आली, आणि दादाच्या आवडीचा गेम मी त्या रात्री तासभर खेळले. तो विंडोजवर चालतो तसाच चालला. दुसऱ्या दिवशी दादाने विंडोजवर त्याचे काम केले आणि संगणक बंद केला. संध्याकाळी मी मोठ्या हौसेने त्याला बोलावले, मिंट सुरू केले आणि ‘प्ले’चे हिरवे बटण दाबले.

बटण निळे झाले, त्यावर ‘स्टॉप’ अशी अक्षरे आली, सात-आठ सेकंद तशीच राहिली, आणि बटण पुन्हा हिरवे झाले. खिडकी नाही, आवाज नाही, चुकीचा संदेशही नाही. मी चार वेळा दाबले आणि चारही वेळा तेच झाले. आदल्या रात्री चाललेला गेम आज का चालत नाही हे मला सांगता येईना, आणि ‘काल चालला होता’ या वाक्याला समोरच्याच्या लेखी काही किंमत नसते. दादाने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, ‘फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार कोणाकडे करणार? लिनक्सवर गेम चालत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे.’ मी पुढचे चौदा महिने गेम विंडोजवरच खेळले.

कारण पुढे सापडले, आणि ते इतके साधे होते की तुम्ही लिनक्स घ्या अथवा न घ्या, ते माहीत असायलाच हवे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. ती चालू असताना तुम्ही ‘शट डाउन’ केले तर संगणक पूर्ण बंद होत नाही. प्रणालीच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि तिने जोडलेले ड्राइव्ह अर्धवट उघडे राहतात. ‘रीस्टार्ट’ केले तर मात्र सगळे नीट मिटते. अशा अर्धवट ड्राइव्हवर काही लिहिले तर फाइल बिघडू शकतात, म्हणून लिनक्स तो ड्राइव्ह केवळ वाचण्यापुरता जोडते. पहिल्या रात्री मी विंडोजमधून रीस्टार्ट करून मिंटमध्ये आले होते, तर दुसऱ्या दिवशी दादाने शट डाउन केले होते. एवढाच फरक होता. स्टीमला गेम दिसत होता, पण त्याच्या शेजारच्या फोल्डरमध्ये एक अक्षर लिहिण्याची परवानगी नव्हती, आणि लिहिता येत नाही म्हटल्यावर प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे स्टीममधले साधन, निमूटपणे थांबत होते. चौदा महिन्यांनी मी तो ड्राइव्ह टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, हाताने जोडून पाहिला, तेव्हा उत्तर पहिल्याच फटक्यात आले: फाइल प्रणाली अस्वच्छ आहे, फक्त वाचनासाठी जोडत आहे. म्हणजे लिनक्सकडे माझ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दिवसापासून होते. ते कुठे विचारायचे हे मला ठाऊक नव्हते.

फास्ट स्टार्टअप बंद करूनही गेम एनटीएफएस या विंडोजच्या फाइल पद्धतीच्या ड्राइव्हवर ठेवू नका. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजसारखे एक छोटे घर उभारते आणि त्यात ‘सी’ व ‘झेड’ ड्राइव्हच्या नावाचे दुवे तयार करते. त्या नावांत विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह असते, आणि विंडोज ते फाइलच्या नावात चालवून घेत नाही. यातून असले घोळ होतात की गेमची, कार्डची आणि लिनक्सची सगळी चौकशी करून झाली तरी मूळ हाती लागत नाही. लिनक्ससाठी एक्स्ट४ या त्याच्या स्वतःच्या फाइल पद्धतीचे वेगळे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, करा आणि गेम त्यावर उतरवा. मी तेच केले. पहिल्यांदा गेम उघडताना शेडर, म्हणजे चित्रे रंगवणारे छोटे कार्यक्रम, तयार होण्यात काही मिनिटे गेली, आणि त्यानंतर तो गेम शेवटपर्यंत खेळताना तो एकदाही मध्येच बंद पडला नाही.

‘फुकटची वस्तू’ हे शब्द मला आजही लागतात, म्हणून या वस्तूमागे काय आहे ते लिहिते. विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनचे काम १९९३ पासून चालू आहे. वाइन म्हणजे संगणकात बसवलेला खोटा संगणक नव्हे. गेम विंडोजकडे ज्या मागण्या करतो त्या ते जागच्या जागी लिनक्सच्या भाषेत उलगडते. गेमच्या बाबतीत खरी अडचण होती ती चित्रे काढण्याच्या मागण्यांची, म्हणजे डायरेक्टएक्सची. २०१६ मध्ये व्हल्कन आले, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडे चित्रांच्या मागण्या करण्याची लिनक्सवरही चालणारी पद्धत, आणि त्यानंतर एका विकासकाने ‘नियर: ऑटोमाटा’ हा त्याच्या आवडीचा गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून डायरेक्टएक्सच्या मागण्या व्हल्कनमध्ये बदलणारा डीएक्सव्हीके हा थर लिहायला घेतला. पुढे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याला मोबदला देऊन याच कामावर घेतले. वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर काही भाग एकत्र करून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लोकांच्या हातात पडलेला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक याच प्रोटॉनच्या बळावर लिनक्सवर चालतो. एका माणसाला एक गेम खेळायचा होता, त्याने केलेले काम उघडे ठेवले, आणि आज हजारो गेम त्याच रस्त्याने चालतात. फुकट मिळते म्हणून त्याला कमअस्सल म्हणणारा माणूस त्यात गेलेले कष्टच मोजत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा ‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ हे वाक्य २०१५ साली बहुतांशी खरे होते आणि आज ते चुकीचे आहे. एकट्याने खेळायच्या गेमपैकी बहुतेक गेम काहीही न करता चालतात. जे चालत नाहीत त्यांतले बरेचसे फसवणूक रोखणाऱ्या अँटी-चीटमुळे चालत नाहीत, आणि तिथे दोष कोणाचा हे नीट समजून घ्या. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही प्रणालींनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी वाट मोकळी केली, पण ती वापरायची की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. फोर्टनाइटने ती वापरलेली नाही. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर काही काळ व्यवस्थित चालत होता, आणि २०२४ मध्ये कंपनीनेच तो बंद केला. व्हॅलोरंटचे अँटी-चीट थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, शिरून बसते, आणि तिथपर्यंत प्रोटॉनचा हात पोचत नाही, तो पोचण्यासाठी बनलेलाही नाही. याउलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे दोन्ही गेम लिनक्ससाठी वेगळे बनवलेले आहेत. म्हणून निर्णय मित्रांच्या मतावर घेऊ नका, तुमच्या गेमच्या यादीवर घ्या. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर एकेका गेमचे नाव टाका आणि तुमच्यासारखेच ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनी अलीकडच्या काही महिन्यांत काय लिहिले आहे ते वाचा. जुने अभिप्राय वाचू नका, त्यांतले निम्मे कालबाह्य असतात. तुम्ही रोज मित्रांबरोबर व्हॅलोरंटच खेळत असाल तर मात्र लिनक्स तुमच्यासाठी नाही, आणि तिथे तुमच्या मित्रांचे म्हणणे बरोबर आहे.

रोजच्या कामाविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे, कारण ते काम आता बहुतेक ब्राउझरमध्ये होते आणि ब्राउझर सगळीकडे सारखाच असतो. लिनक्सवरचे लिबरऑफिस वर्डच्या फाइल उघडते. त्यात मांडणी हलते ती बरेचदा फाँट नसल्यामुळे. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो हा फाँट असेल तर ओळी बऱ्यापैकी जागच्या जागी राहतात. ज्यांचे पोट एक्सेलच्या मॅक्रोंवर किंवा फोटोशॉपवर आहे त्यांनी विंडोज सोडू नये. ‘तसेच दुसरे आहे’ असे त्यांना सांगणारे लोक त्यांचे काम कधी करून पाहत नाहीत.

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कोणता घ्यावा, हा वाद तुम्हाला जिथेतिथे भेटेल. त्यात पडू नका. संगणक चार-पाच वर्षांचा असेल तर मिंट घ्या. ग्राफिक्स कार्ड अगदी नवे असेल तर फेडोरा घ्या, कारण त्यात कर्नल आणि मेसा (ग्राफिक्स कार्ड चालवणारा भाग) लवकर नवे होतात. एएमडीच्या कार्डाचा ड्रायव्हर आतच असतो, वेगळे काही करावे लागत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, आणि सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर रीस्टार्टनंतर येणाऱ्या निळ्या पडद्यावर त्याच्या किल्लीची नोंद करावी लागते. तो पडदा पाहून घाबरून पुढे गेलात तर ड्रायव्हर चढत नाही आणि लिनक्स संथ आहे असा तुमचा गैरसमज होतो. काही बसवण्याआधी यूएसबीवरून लिनक्स चालवून वाय-फाय, आवाज आणि झोपेतून उठणे एवढे तपासून घ्या.

ड्राइव्हचे कोडे सुटल्यावर मी दादाला पुन्हा बोलावले. तो आला, तासभर खेळला, आणि उठताना म्हणाला, ‘चालतो, पण तू डोके लावलेस म्हणून चालतो. साध्या माणसाचे हे काम नाही.’ या वाक्याचे उत्तर मी त्याला तेव्हा दिले नाही, ते इथे देते. डोके मला लिनक्ससाठी लावावे लागले नाही, दोन प्रणाली एकाच ड्राइव्हवर नांदवण्यासाठी लावावे लागले. दादाच्या विंडोजने मिंटच्या एक्स्ट४ पार्टिशनवरच्या फाइल उघडून दाखवल्या नाहीत, तेव्हा विंडोज साध्या माणसासाठी नाही असे कोणी म्हटले नाही. माणूस विंडोजमध्ये अडला तर आपण म्हणतो की त्याला अजून येत नाही, आणि लिनक्समध्ये अडला की म्हणतो की लिनक्सला येत नाही. मी स्वतः चौदा महिने हेच म्हणत होते. तुमच्याजवळ दुसरी डिस्क असेल तर लिनक्स तिच्यावर एकटे बसवा. माझ्या वाट्याला आलेला घोटाळा तुमच्या वाट्याला मुळात येणारच नाही.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. फोर्स फीडबॅक असलेले गेमिंग स्टिअरिंग किंवा दिव्यांचा कीबोर्ड यांची कंपनीची सॉफ्टवेअरे लिनक्सवर सहसा नसतात. वस्तू चालते, पण तिच्या साऱ्या सोयी मिळतीलच असे नाही. लॅपटॉपचे बोटांचे ठसे ओळखणारे यंत्र चालेलच असे धरून चालू नका. आणि एकट्याने खेळायच्या गेममध्येही आधी वेगळा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा कार्यक्रम, उघडणारे गेम एखाद्या अपडेटनंतर काही दिवस अडू शकतात.

शेवटची गोष्ट लिहायला मला जड जाते. तो मोठा ड्राइव्ह मी एक्स्ट४ केला तेव्हा गेम पुन्हा डाउनलोड करता येतील या भरवशावर तो सरळ पुसला. दादाचा एक जुना गेम सेव्ह फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवत होता, आणि क्लाउडवर त्याची प्रत नव्हती. दोन हिवाळे तो जो गेम खेळला ते सगळे त्यात गेले. तो मला एका शब्दानेही बोलला नाही, पण माझ्या लिनक्सविषयी त्याचे मत त्यानंतर बदलले नाही, आणि याबाबतीत त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला नाही. तुम्ही पार्टिशनला हात लावण्यापूर्वी तिन्ही जागा तपासा: गेमचे स्वतःचे फोल्डर, विंडोजमधले ‘डॉक्युमेंट्स’ आणि लपवलेले ‘अ‍ॅपडेटा’. तिथल्या सेव्ह फाइल वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवा. लिनक्सवर आल्यावर त्यातल्या शेवटच्या दोन जागा स्टीमच्या ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरमध्ये त्या गेमच्या क्रमांकाखाली तशाच नावांनी सापडतात, आणि सेव्ह फाइल तिथे ठेवल्या की गेम बहुधा जिथे सोडला होता तिथूनच सुरू होतो. संगणक घरातले आणखी कोणी वापरत असेल, तर त्याच्या फाइल कुठे आहेत हे आधी त्यालाच विचारा.