घोड्यांच्या ट्रेलरला ॲक्सल कोणता? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : उसाच्या जुन्या ट्रॉलीचा ॲक्सल पाट्यांसकट पडून आहे. पाच टन पेलतो. त्यावरच दोन घोड्यांचा ट्रेलर बांधायचा विचार आहे. चालेल ना? (अथणी)

नाही. पाच टनांना जे पाटे (स्प्रिंगच्या एकावर एक रचलेल्या पट्ट्या) 75 मिलिमीटर दबतात, ते एक टनाला 15 मिलिमीटरच दबणार. म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट घोड्याच्या पायांत. चिंचलीच्या यात्रेला पोचेपर्यंत उभ्याउभ्याच तोल सांभाळून जनावर थकतं. काही गॅरेजवाले मग मधले दोन-तीन पाटे काढून ‘मऊ’ करून देतात. तसं करू नका. पाट्यांची लांबी उतरत्या क्रमाने ठेवलेली असते, ती ताण वाटून घेण्यासाठी. मधले काढले की सगळा ताण मुख्य पाट्यावर येतो आणि तो तुटतो. शिवाय अशा बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उसाला ते खपून जातं, घोड्याला नाही.

आधी वजन काढा. दोरीने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे अंदाजे किलो. घेर 170 आणि लांबी 150 असेल तर साधारण 365 किलो. असे दोन घोडे 730, रिकामा ट्रेलर समजा 900, आणि पाणी, वैरण, खोगीर-लगाम मिळून 100. एकूण 1,730 किलो. ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांडीवर पडणारं वजन ओढणाऱ्या गाडीवर जातं, पण ते वजा करू नका, तेवढी सूट हाताशी असू द्या. याला प्रत्येकी 1,000 किलोचे दोन ॲक्सल पुरतात. ट्रेलर तयार झाला की अंदाजावर थांबू नका, साखर कारखान्याच्या किंवा खाजगी वजनकाट्यावर घोड्यांसकट नेऊन बघा.

टायरवर लिहिलेला भार-अंकही पाहा. 88 म्हणजे 560 किलो, 94 म्हणजे 670, 100 म्हणजे 800. वरच्या हिशेबात चाकामागे साडेचारशेच्या आत येतात, तरी आम्ही 94 च्या खाली जाणार नाही. दोन घोडे कधी सारख्या वजनाचे नसतात आणि वळणावर भार एका बाजूला जातो.

प्रश्न : एकच घोडा न्यायचा आहे. एक ॲक्सल पुरे की दोन? (निपाणी)

वजनाच्या हिशेबाने एक पुरतो : ट्रेलरसकट 1,100 किलो धरले तर 1,400 चा ॲक्सल घ्या. पण टायर फुटला तर एका ॲक्सलचा ट्रेलर त्या बाजूला बसतो, आणि आत जिवंत, घाबरलेलं वजन असतं. महामार्गावरून नेहमी जाणार असाल तर दोन. गावातल्या गावात, शेतापासून मैदानापर्यंतच असेल तर एक.

प्रश्न : पाट्यांचा घ्यावा की रबराचा? रबराचा आरामदायी म्हणतात. (बेळगाव)

आरामदायी आहे, खरं. चौकोनी नळीत दुसरी चौकोनी दांडी आणि मधल्या फटींत रबर. चाक वर गेलं की दांडी पिळते, रबर दबतं. प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं, आणि पाट्यांची उंची वाचत असल्याने ट्रेलरचा तळ खाली येतो व फळीचा चढ कमी होतो. दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. दोन ॲक्सल असतील तर पाट्यांच्या मधली ‘तुला’, म्हणजे तराजूसारखी हलणारी पट्टी, दोन्हींना भार वाटून देते. रबराच्या जोडीत तशी तुला नसते. म्हणून हुकाची उंची चुकून ट्रेलर पुढे किंवा मागे झुकला की एकाच ॲक्सलवर जास्तीचा बोजा पडतो. दुसरं, रबर म्हातारं झालं की दुरुस्ती नाही, अख्खा ॲक्सल बदलायचा. पाटा तुटला तर तालुक्याच्या गावातही मिळतो. रायबाग-अथणीच्या काळ्या मातीत, आडवाटेने फिरणाऱ्याला आमचा सल्ला : बरोबर वजनाचे पाटे.

प्रश्न : चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरताना ब्रेक तापल्याचा वास येतो. ट्रेलरला धक्क्यावर चालणारे ब्रेक आहेत. (खानापूर)

त्या ब्रेकचा स्वभावच तसा. ट्रेलर मागून गाडीला ढकलतो, दांडी आत दबते आणि ब्रेक लागतो. उतारावर तो सतत ढकलतच राहतो. तुम्ही गाडी दुसऱ्या गिअरवर टाकली तरी ढकलणं थांबत नाही, त्यामुळे ब्रेकचे लायनर घासतच राहतात. घाटाचं येणंजाणं असेल तर बारा व्होल्टचे विजेवर चालणारे ब्रेक दोन्ही ॲक्सलना लावा. त्यांचं नियंत्रण ड्रायव्हरच्या हातात असतं. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी छोटी बॅटरी आणि स्विचही बसवून घ्या. तोपर्यंत घाटात थांबत थांबत उतरा, आणि ड्रम तापला असेल तर त्यावर पाणी मारू नका.

प्रश्न : एकाच चाकाचा हब, म्हणजे मधला बेरिंगचा भाग, तापतो. (चिकोडी)

चाक जॅकवर उचलून फिरवा. ‘खस्स’ असा घासण्याचा आवाज आला तर ब्रेक अडकतोय. खरखर, घरघर असेल तर बेरिंग. बेरिंग काढून डिझेलमध्ये धुवा. निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर आतली-बाहेरची कडी जोडीनेच बदला. नवं सील, आणि हाताने दाबून प्रत्येक रोलरमध्ये ग्रीस. चाक फिरवत नट आवळा, मग सैल करा, मग नुसत्या बोटांनी बसेल इतका आवळा आणि नवी कॉटर पिन घाला. पान्याने करकचून आवळलेला नट हेच हब तापण्याचं नेहमीचं कारण.

आणि एक. प्रवास करून आल्या आल्या घोडे धुवायला ट्रेलर कृष्णेच्या किंवा घटप्रभेच्या पात्रात उतरवू नका. गरम हब एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि सीलवाटे पाणी ओढलं जातं. ग्रीस दुधासारखं झालं असेल तर समजा तेच झालं.

प्रश्न : टायर आतल्या कडेनेच झिजतात. ॲक्सल तर नवा आहे. (हुक्केरी)

नवा असला तरी वाकलेला असू शकतो. जादा भाराने ॲक्सलची टोकं वर जातात, चाकांचे माथे आत झुकतात आणि आतली कड झिजते. उलटा बसवलेला असला तरी हेच होतं. ॲक्सलच्या नळीचा मधला फुगवटा वरच्या बाजूला हवा. हुकाच्या मध्यापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरंही मोजा, फरक 3 मिलिमीटरच्या वर नको. सुरुवातीच्या शंभरएक किलोमीटरनंतर ॲक्सल पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळले होते का, तेही पाहा. वाकलेली नळी तापवून, ठोकून सरळ करून घेऊ नका. ताकद गेलेली नळी घोडे आत असतानाच पुन्हा वाकते.

प्रश्न : वेगात ट्रेलर शेपूट हलवतो. (संकेश्वर)

दांडीवर वजन कमी आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के दांडीवर हवेत. वरच्या 1,730 किलोच्या ट्रेलरला 175 ते 260. बांधणाऱ्याने घोड्याच्या पाठीचा मध्य धरून ॲक्सल बसवला असेल तर तिथेच चूक होते, कारण घोड्याचं सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. आणि तुमचे घोडे मागे तोंड करून उभे राहत असतील तर ते साठ टक्के ट्रेलरच्या शेपटीकडे जातात. आधी घोडे पुढे तोंड करून उभे करा, दांडीखाली काटा ठेवून मोजा. तरीही कमी भरलं तरच ॲक्सल मागे सरकवायचा.